महानंदाला न दिलेला शब्द

महानंदा काल गेली, आणि मला सगळ्यात आधी आठवला तो माझा हेवा.

मुरुम गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी पुस्तकं लिहायला लागले. ती भूगर्भशास्त्र शिकली आणि दर उन्हाळ्यात हिमालयात दगड शोधत फिरायची. तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता.

शिंपल्यांचा दगड, म्हणजे पाणी उथळ. बिनशिंपल्यांचा बारीक लाल दगड, म्हणजे किनारा लांब, पाणी खोल.

अशा तुकड्यांवरून ती अख्खा समुद्र उभा करायची.

मला इतक्या वर्षांत एक विहीरसुद्धा तशी उभी करता आली नाही.

तिच्या लडाखच्या फोटोंना मी लाइक द्यायचे. दोन दिवस उशिरा. मुद्दाम.

माझ्या अप्पांनी माझं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. ती घरी आली तेव्हा तिच्यापुढं मात्र तासभर बसले.

"मग पाणी आटलं व्हय?"

"आटलं न्हाय, अप्पा. बघा तुमी." तिनं सतरंजीच्या दोन्ही कडा जवळ रेटल्या. मधे घड्या उभ्या राहिल्या. "दोन्हीकडची जमीन जवळ आली. तळ बराचसा खाली गेला, थोडा असा वर आला."

"माझ्या सतरंजीचा हिमालय केलास की गं!"

माझ्याशी ते तसं कधी हसले नव्हते.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. आमच्याच शाळेत मराठीतून बोलायचं होतं तिला.

"समुद्र आटला म्हटलं की आपल्या पोरांना भेगा पडलेलं तळं दिसतं. तू लेखिका हायस. एक शब्द दे ना."

ती बोलत होती तेव्हाच मला तो सुचला होता.

"बघते," म्हणाले.

नंतर दोनदा विचारलं तिनं. "सुचला का गं?"

"न्हाय अजून."

समुद्र तिचा होता. शब्द तरी माझा राहू दे, असं वाटलं.

कार्यक्रमात ती म्हणाली, "समुद्र बंद झाला."

मागून एक पोरगी ओरडली, "मॅडम, शटर पाडलं का?"

सगळी शाळा हसली. तीही हसली. पहिल्या रांगेत मी क्षणभर सुखावले.

बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "जाऊ दे गं. तुला न्हाय सुचला, म्हंजी मराठीत नसंलच."

आहे, महानंदा.

समुद्र मिटला.

पापण्या जवळ येऊन डोळा मिटतो ना, तसा.

लई उशीर केला मी. माफ कर.

तुला माझा शेवटचा नमस्कार.