पाचवं फडकं

माझ्या मेहुण्याला पाण्याची जन्मजात भीती. तरी धरणावर पर्यटकांना पाण्यावरच्या स्कूटरवर फिरवायचा धंदा नेमका त्यालाच सुचला. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सहा जुन्या स्कूटर त्याने कुठून तरी जमवल्या आणि त्यातली एक ट्रेलरसकट आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत, माझ्या पार्किंगमध्ये आणून उभी केली. "दाजी, तुम्ही विमानं जोडलीत, ही तर नुसती स्कूटर," म्हणाला आणि गेला.

विमानं जोडली हे अर्धसत्य. ओझरच्या कारखान्यात माझा बराचसा जन्म हत्यारं मोजण्यात गेला. विमानाच्या पोटात पाना राहून चालत नाही. म्हणून काम सुरू करताना जे दिलं ते काम संपल्यावर मोजून परत घ्यायचं, अगदी पुसायचं फडकंसुद्धा, आणि सही करायची. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. बायको भाजी चिरून उठली की सुरी जागेवर आली का ते मी बघतो. त्यावर ती काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कार्बोरेटरमधलं मात्र मला फारसं कळत नाही. म्हणून जुन्या नाशकातल्या चाचांना बोलावलं. माझी स्कूटर वर्षानुवर्षं तेच बघायचे. टू-स्ट्रोक स्कूटर रस्त्यावरून नाहीशा झाल्या आणि त्यांचं गॅरेज ओस पडलं. आता ते दिवसभर पंक्चरची वाट बघत बसतात. मेहुण्याने शब्द दिला होता : ही एक धरणावर नीट चालली, तर बाकीच्या पाचही चाचांकडे. नाही चालली, तर सगळ्या मुंबईला. चाचा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

सीट उचलून त्यांनी आत डोकं घातलं. "दोन दोन कार्बोरेटर! आणि साहेब, वाटी कुठंय?"

आपल्या स्कूटरच्या कार्बोरेटरला खाली पेट्रोल साठायला वाटी असते. पाण्यावरची स्कूटर आडवी-उलटी होते, म्हणून तिथे वाटीऐवजी रबराचा पातळ पडदा असतो. चाचांनी जुना पडदा उजेडात धरून बोटाने दाबला. "याचा तर पापड झालाय," म्हणाले आणि नवे पडदे टाकले. बारीक भोकं तोंडाने फुंकून साफ केली. मी शेजारी स्टुलावर बसून रजिस्टरात लिहिलं : फडकी, चार दिली.

"साहेब, फडक्याची पण सही?"

"फडक्याचीच तर," मी म्हणालो.

कार्बोरेटर काढल्यावर इंजिनाची दोन तोंडं उघडी पडली होती. वरून काही पडू नये म्हणून एकात मी मोजलेलं फडकं कोंबलं. बाकीची तीन तेलाने माखली होती. दुसऱ्यासाठी पाचवं काढायचं, तर रजिस्टरात खाडाखोड करावी लागली असती, आणि खाडाखोड मला सहन होत नाही. मी खिशातला चौकडीचा रुमाल कोंबला, चांगला आतपर्यंत.

चाचा अस्रच्या नमाजाला गेले. "आलो की बसवतो," असं सांगून गेले होते. पण बोल्ट किती आवळायचा याचा आकडा पुस्तकात होता आणि चाचांचा आकडा त्यांच्या मनगटात. मला पुस्तकाचा भरवसा. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पेट्रोलच्या वासाची तक्रार घेऊन आले. त्यांच्याशी भांडता भांडता मी फडकी मोजली, चार भरली, सही ठोकली आणि दोन्ही कार्बोरेटर नव्या गॅस्केटवर बसवून आकड्याबरहुकूम आवळले.

चाचांनी परत येऊन नुसती अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढून पाहिली. दोन्ही कार्बोरेटरच्या झडपा एकदम उघडायला हव्यात, त्या उघडल्या. "दहा सेकंद चालू करून ऐकू का?" त्यांनी विचारलं. मी पुस्तक पुढे केलं. पाण्याबाहेर इंजिन चालवू नये, असं त्यात ठळक छापलं होतं.

"मग कान कशाला दिलाय, साहेब?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणावर. मेहुण्याने काठावरच दोन लाइफ जॅकेटं चढवलेली. बायको गंमत बघायला आलेली. चाचा पँट दुमडून गुडघाभर पाण्यात. इंजिन सुरू झालं, खोकलं, एकाच सिलिंडरवर फटफटलं आणि बंद पडलं. तीनदा हेच. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, सांगायला लाज वाटते, पण म्हणालो, "बोल्ट मी स्वतः आवळलेत. साफसफाईतच काही तरी राहिलंय."

साफसफाई चाचांची होती.

त्यांनी स्कूटर काठावर ओढून घेतली, एक कार्बोरेटर उतरवला आणि दोन बोटं आत घालून काही तरी ओढलं. माझ्याखेरीज सगळ्यांकडे त्यांची पाठ होती. चौकडीचा तो ओला गोळा फक्त मला दिसला. चाचांनी मूठ मिटली, खिशात घातली.

"थोडा कचरा होता. आता होईल."

"कचरा?" मेहुणा भडकला. "चाचा, साफ करून देणं हेच तर काम होतं. पाच मशिन कशा सोपवू तुमच्यावर?"

चाचा खाली मान घालून बोल्ट लावत राहिले, मनगटाने. मला दरदरून घाम फुटला. पुसायला मी सवयीने खिशात हात घातला आणि खिसा रिकामा होता.

"तो कचरा नाही," मी म्हणालो. "माझा रुमाल आहे. मीच कोंबला होता."

मेहुणा इतका हसला की पाण्याची भीती विसरून पाण्यातच बसला. बायको म्हणाली, "तरीच काल धुण्यात एक रुमाल कमी!" मोजायची खोड तिलाही लागली होती, हे मला तेव्हा कळलं. मग इंजिन दोन्ही सिलिंडरवर सुरू झालं, निळा धूर सुटला, आणि त्या धुरात चाचा डोळे मिटून ऐकत उभे राहिले. चांगली दहा सेकंदं.

दुसरी स्कूटर माझ्या पार्किंगमध्ये आली, तेव्हा चाचांनी पाना उचलण्याआधी खिशातून रुमाल काढला. धुतलेला, इस्त्रीचा, कोपऱ्यात तेलाचा डाग.

"रजिस्टर काढा, साहेब. फडकी चार. रुमाल एक. सही."

मी सही केली आणि रुमालासाठी हात पुढे केला. चाचांनी तो घडी करून परत स्वतःच्या खिशात ठेवला.

"काम संपलं की मोजून देतो."

त्या दिवशी बोल्ट चाचांनीच आवळले. मी घाम बाहीला पुसला.