कपौची कळी आणि मुग्याचे किडे

होमेश्वर चेतिया माझा शेजारी. आमच्या दोघांत एकच बांबूचं कुंपण. त्याच्या मागच्या वाडीत सोमाची अकरा झाडं होती आणि त्यांवर तो मुगा रेशमाचे किडे पाळी. गलोल घेऊन दिवसभर झाडाखाली बसायचं, कावळे हाकलायचे. बोलणं बेताचंच. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, पण एका चैत्रातलं मी जवळून पाहिलं.

त्याच्या मुलीचं, जुनतीचं लग्न अघोणात, म्हणजे मार्गशीर्षात ठरलं होतं. तिची नेसायची मेखला आणि वरून घ्यायची चादर दोन्ही घरच्या मुग्याची व्हायला हवी, असा तिच्या आईचा, निरोदाचा हट्ट. म्हणजे चैत्राचं पीक पुरं हाती लागायला हवं होतं.

अडचण होती सर्वांत मोठ्या झाडाची. पाला त्याचाच दाट; पण त्याच्या बेचक्यात कपौ ऑर्किड रुजलेलं. बोहागात, म्हणजे वैशाखात त्याचे गुलाबी घोस लोंबतात आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात खोवतात. जुनती दरवर्षी याच झाडाचं खोवायची. त्या कपौच्या मुळ्यांत काळ्या मुंग्यांचं घर होतं, आणि मुंग्या किड्यांना सोडत नाहीत.

"जुनतीचे देउता, ओरबाडून टाका ते," निरोदा नवऱ्याला म्हणाली. "बाजारात प्लास्टिकचं मिळतं."

"कळ्या आल्यात."

"मग लग्नात कळ्याच नेसवा पोरीला!"

होमेश्वरने कुंपणावरून मला विचारलं, "ककाई, तुम्ही काय केलं असतं?"

"बघ बाबा," एवढंच म्हणालो.

त्याने ते झाड सोडून दहांवरच किडे चढवले. अंडी मात्र अकरा झाडांच्या अंदाजाने आणलेली होती. बिहूला आठवडा असताना पाला संपला. भुकेले किडे खोडावरून खाली उतरू लागले. होमेश्वर ते बांबूच्या तिकोनी चाळणीवर वेचून पुन्हा त्याच ओक्याबोक्या फांद्यांवर ठेवत राहिला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी जुनती वाडीत आली.

"देउता, हे काय चाललंय?"

"चार दिवसांत फुलेल गं. तुझा या घरातला शेवटचा बिहू."

"आणि तोवर हे काय वारा खाणार? नवऱ्याच्या गावी कपौ नाही की काय? तुम्ही चढता, की मी चढू?"

तो चढला. सुरीने एकेक मूळ सोडवताना मुंग्यांनी त्याचे हात सुजवले. खोडाभोवती राख टाकून त्याने उरलेले किडे वर चढवले आणि कपौचा झुबका सुतळीने फणसाला बांधला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कळ्या गळाल्या. किडेही निम्म्याहून जास्त उपासानेच गेले होते.

बिहूत जुनती प्लास्टिकचं खोवून नाचली.

कोष एका चादरीपुरते निघाले. निरोदाने चादर विणली, मेखला पांढऱ्या पाट रेशमाची विकत आणली. नवऱ्याला एका शब्दानेही बोलली नाही. लग्नात होमेश्वर पाहुण्यांना पानसुपारीचं तामूल वाटत फिरत होता. मला त्याने दोनदा दिलं; पहिलं अजून माझ्या हातातच होतं.