फोनवर मुद्दाम हरता येत नाही

माझी थोरली बहीण पुण्याला लेकाकडं असते. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिची अन्नावरची वासना उडाली. मी इकडं गावाकडं, बोरीत. जाऊन तिच्यापाशी बसावं तर त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि माझे गुडघे घरचा उंबरा ओलांडतानाच कुरकुरतात. म्हणून आम्ही रोज दुपारी फोनवर चल्लस आठ खेळतो.

हा खेळ आम्ही परकरात होतो तेव्हापासूनचा. जमिनीवर खडूनं पंचवीस घरं आखायची. चिंचोके फोडून, दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची आणि असे चार मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढं. चारही काळे पडले तर आठ. बहिणीची उजवी मूठ आता वळत नाही, म्हणून तिच्या सुनेनं फोनमध्ये फासे टाकायचं एक पान शोधलं. किती फासे आणि किती बाजूंचे, ते आपण सांगायचं. सुनेनं दोन बाजूंचे चार लावून दिले, एक बाजू पांढरी, एक काळी. एकीनं बोट लावलं की दोघींच्या फोनवर तेच पडतं. बहीण डाव्या बोटानं टाकते. पट दोन्हीकडं पुठ्ठ्यावर आखून मांडलेला असतो. तिच्याकडच्या सोंगट्या सून हलवते. बोलणं स्पीकरवर.

पहिल्या दिवशी बहीण जिंकली आणि तिनं वाटीभर खिचडी खाल्ली. सुनेला रडू आलं म्हणे. दुसऱ्या दिवशी हरली आणि तोंड मिटून घेतलं. मग तेच होऊन बसलं. जिंकली की खाते, हरली की नाही. पोटात अन्न नसलं की गोळ्या देता येत नाहीत. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला येत नाही.

मी ठरवलं, आपण हरायचं. चिंचोके असते तर त्यात काही अवघड नव्हतं. हात खाली नेऊन अलगद सोडले की हवं तसं पाडता येतं, हे आमच्या गावातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. फोनपुढं तो हात चालत नाही. हळू लावा, जोरात लावा, त्याला पाडायचं तेच तो पाडतो.

मग मी चाली चुकवायला लागले. तिच्या सोंगटीच्या पुढ्यात माझी नेऊन ठेवली, मार म्हणून. तिकडून आवाज आला.

"डोळ्यात फूल पडलं का गं तुझ्या?"

"दिसलं न्हाई, अक्का."

"उडत्या पाखराची पिसं मोजणारी तू, आन् तुला न्हाई दिसलं? मला भीक घालायलीस का?"

त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिचं अंग गेलंय, डोकं नाही.

नंतर सुनेनं वेगळा फोन केला. "मावशी, चुकायचं तर जरा बेतानं चुका ना."

"बाई, माझा बेत तिला माझ्याआधी कळतो," मी म्हणाले.

काल डाव रंगला होता. तिच्या तीन सोंगट्या मधल्या घरात पोचून पिकल्या, माझ्याही तीन. एकेक उरली. तिथं जायला तिला एक हवा होता, मला दोन. बरोबर तेवढंच पडावं लागतं, जास्त चालत नाही. चार चिंचोक्यांत दोनच सगळ्यात जास्त वेळा पडतो. आणि एकच सोंगटी उरली की चाल चुकवायला जागा राहत नाही.

तिनं टाकला. तीन पडला, वाया गेला. माझी पाळी आली.

"टाक की. झोपलीस का?"

"टाकते."

"लवकर टाक. खिचडी गार व्हायलीय माझी."

फोन बंद करून रेंज गेली म्हणावं, असं मनात आलं. पण ते मी आधी एकदा करून बघितलं होतं. "बऱ्या टायमाला रेंज जाती तुझी," म्हणाली होती, आणि जेवली नव्हती.

मी देवाचं नाव घेऊन बोट लावलं. फासे गरगरले. दोन पांढरे, दोन काळे.

 तिलाही तेच दिसत होतं.

"चाल की," ती म्हणाली. "बसलीस कशाला? झाला की तुझा डाव."

मी सोंगटी मधल्या घरात नेली. तिकडं सुनेनंही नेली असणार, पुठ्ठ्यावर टक् वाजलं.

"अक्का, दोन घास खा गं."

"आज नीट खेळलीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खूश होती बाई.

मग वाटीत चमचा वाजला. "आई, एकच घास," सून म्हणत राहिली, "आई, एकच." मी इकडं पटापुढं बसून ऐकत होते. थोड्या वेळानं "राहू द्या मग," म्हणत सुनेनं वाटी उचलून आत नेली.