शुभेच्छुकाची पट्टी

शिरूरहून रांजणगावला कंपनीत जाताना माझी मोटारसायकल महिन्यातून दोनदा तरी पंक्चर होते आणि मी रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या मामाच्या टपरीवर थांबतो. तो कधी नमस्कार करत नाही. टायरमध्ये घुसलेला खडा काढतो, माझ्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "वळखला का? शेठच्या क्रशरचा." शेठचा खडी फोडायचा क्रशर आहे; त्याच्या डंपरमधून रस्ताभर खडी सांडते, पण त्याच्याविरुद्ध बोलायला कुणी धजत नाही. मीसुद्धा नाही.

निवडणुकीत कार्यकर्त्यांनी मामाच्या टपरीवर न विचारता फ्लेक्स लावला. वर उमेदवाराचा हसरा फोटो, खाली बारीक अक्षरात शुभेच्छुक म्हणून त्याच शेठचं नाव. दुसऱ्या दिवशी पंक्चर काढायला थांबलो, बघतो तर मामानं ब्लेडनं फोटो कापून काढलेला, नावाची पट्टी तेवढी ठेवलेली!

तेवढ्यात उमेदवार आलाच, शेठच्याच गाडीतून. वर बघून त्याचं हसू गेलं. "मामा, माझा फोटो कुठंय?"

"तुमाला मत दिल्यावर तालुका कोण चालवणार, ते लोकान्ला कळाय नको व्हय? म्हनून त्येचंच नाव ठिवलं."

तरीही उमेदवारानं हात पुढं केला. मामानं माझ्या टायरमधून नुकताच काढलेला खडा त्या हातावर ठेवला. "हा तेवढा शेठला परत द्या."