डिंभ्याला नेलेला पाहुणा

होस्टेलमधला माझा रूम पार्टनर केनियाचा होता. पुण्यात दोन वर्षं काढल्यावर त्याला एक सवय लागली होती. पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची झेरॉक्स शर्टाच्या खिशात घातल्याशिवाय तो खोलीबाहेर पडायचा नाही. मेसला जातानाही नाही, दाढीचं ब्लेड आणायला जातानाही नाही. रस्त्यात कुणी ना कुणी थांबवून विचारतंच, म्हणायचा. मला त्याचं थोडं हसूच यायचं.

त्या दिवाळीत होस्टेल रिकामं झालं तेव्हा मी त्याला मंचरजवळच्या आमच्या गावी घेऊन आलो. आईला त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, त्याला तिचं मराठी अर्धंमुर्धं कळायचं. तरी दोघांचं जमलं. "लई लाजतंय रं, अजून दोन करंज्या वाढ त्याला," ती मला सांगायची. आपल्या आईला पाठवायला म्हणून तो सगळ्यांचे फोटो काढत होता. बटाट्याच्या गोणीवर बसलेले वडील, सायकल धरून उभी बहीण, डोक्यावरचा पदर सारखा करणारी आई.

चौथ्या दिवशी मी त्याला डिंभ्याचं धरण दाखवायला निघालो. आईने सकाळीच त्याचा शर्ट धुवायला घेतला होता आणि खिशातले कागद काढून कोनाड्यात ठेवले होते. तो माझा शर्ट घालून आला. घोडेगाव मागे पडल्यावर एसटीत त्याचा हात खिशावर गेला. खिसा रिकामा होता.

"परत जाऊ या," म्हणाला.

"हा माझा मुलूख आहे," मी म्हणालो. "इथं तुला कोण विचारतंय?"

धरणापाशी उतरलो. परतीच्या गाडीचा भरवसा नसायचा, म्हणून मी टपरीवर चौकशीला गेलो. मागे वळून पाहतो तर भिंतीजवळ आठ-दहा माणसं जमलेली, मधे तो, आणि त्याच्यासमोर खाकीतला पहारेकरी. फोटोला मनाई असल्याची पाटी तिथे होती, ती मीही वाचली नव्हती. मी पळत गेलो. माणसं सगळी एकदम बोलत होती.

"कुठला हाय ह्यो?"

"कागद हाय का काही?"

"पोलिसाला बोलवा, राव."

पहारेकऱ्याने मला विचारलं, "ह्यो तुझा कोण?"

पोलीस म्हटल्यावर मला वडील दिसायला लागले. परदेशी माणूस घरात ठेवायला परवानगी लागते का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. आता घरी पोलीस येणार, वडिलांना नेणार.

"कोण नाय," मी म्हणालो. "एसटीत भेटला."

एवढं मराठी त्याला कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून त्याने कॅमेरा उघडला आणि आतला रोल ओढून उन्हात धरला.

"आरं, रोल कशापायी काढला?" पहारेकरीच दचकला. "फोटू काढू नगा, येवढंच सांगत व्हतो मी. वहीत नाव लिवा आन् जावा."

माणसं पांगली. जाता जाता एकाने "पावणं, पानी प्या" म्हणत बाटली पुढे केली. तो घटाघटा प्यायला. निम्मं पाणी त्याच्या अंगातल्या माझ्या शर्टावर सांडलं.

तासाभराने एसटी आली. तो खिडकीशी बसला, मी शेजारी. मी म्हणालो, "मी घाबरलो होतो."

"मीही," तो म्हणाला. "पण मला इथं तुझ्याशिवाय कुणाचं नावही माहीत नव्हतं."

घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. अभ्यासाचं कारण काढून दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघाला. आईने फराळाचा डबा बांधून दिला, तो त्याने वाकून घेतला. होस्टेलमध्ये आम्ही पहिल्यासारखेच बोलत राहिलो, मेसला बरोबर जात राहिलो. पुढल्या वर्षी मात्र त्याने दुसरी खोली मागून घेतली. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.