बिनघुंगरांचे तीन मैल

इतवारी उईके सरकारी कागदावर रनर होता आणि आम्ही आमच्याच तोंडाने रनर होतो. दोघांत खरा कोण, हे गोंदियातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण आमच्या मंडळात सगळेच शहाणे, आणि त्या शहाण्यांचा चिटणीस मी.

मंडळाचं नाव ‘गोंदिया हौशी रनर मंडळ’. १९३२ साली ते आम्ही काढलं. रेल्वेतले चार कारकून, धान गिरण्यांचे दोन मुनीम, एका वकिलाचा मुलगा, विडी कारखान्यातला केवलराम आणि शाळामास्तर मी. दर रविवारी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून आम्ही स्टेशनमागच्या मैदानाला फेऱ्या मारायचो आणि मग हॉटेलात बसून त्या फेऱ्यांबद्दल दीड तास बोलायचो. बोलण्यात आम्ही फार पुढे होतो. मी नागपूरहून व्ही.पी.ने नियमांची एक पुस्तिका मागवली होती. तिला मी खाकी कागदाचं वेष्टण घातलं होतं आणि ती कायम माझ्या कोटाच्या खिशात असायची. पुस्तिका खिशात असली की माणसाला डोकं वापरावं लागत नाही. हे आता, म्हणजे १९४७ साली, मंडळ मोडून गेल्यावर मला कळतं आहे.

इतवारी फुलचूरला राहायचा. गोंदियाच्या पोस्टातून गोरेगावकडे जाणारी डाक त्याच्या खांद्यावर असे. गोरेगावची वाट बारा मैलांची, त्यातले अलीकडचे सहा मैल त्याचे. सहा मैलांवर एक मोहाचं झाड आहे. पलीकडून शालीकराम नावाचा दुसरा रनर गोरेगावची थैली घेऊन तिथे यायचा. दोघे थैल्या बदलायचे आणि आल्या पावली मागे फिरायचे. बसायची परवानगी नव्हती, कारण वेळ कागदावर लिहिली जायची. बाई-पोरांची खुशाली विचारून होईपर्यंत पाठ फिरवावी लागे. वीस वर्षं ही दोन माणसं रोज भेटली आणि एकदाही एका दिशेने चालली नाहीत.

त्याच्या हातातल्या भाल्याला घुंगरू बांधलेले असत. जंगलाच्या वाटेवर जनावर बाजूला व्हावं म्हणून ते, आणि माणसानेही व्हावं म्हणून. डाक अडवणं हा गुन्हा. त्यामुळे या पट्ट्यात घुंगरू वाजले की गाडीवाला बैल रस्त्याखाली उतरवायचा, बाया डोक्यावरचा भारा सावरत बांधावर चढायच्या, आया पोरांना हाताला धरून मागे ओढायच्या. केवलराम गोरेगावकडचा. लहानपणी तो एकदा डाकेच्या आडवा उभा राहिला, तर बापाने त्याच्या थोबाडीत दिली होती. इतवारी जिथून धावे तिथला रस्ता त्याच्यापुढे रिकामा होत जाई. घरीही तेच. बायको तापाच्या साथीत गेली होती, मूल नव्हतं. सव्वीस वर्षं त्या माणसाने पुढे मोकळा रस्ता पाहिला, आणि आम्ही म्हणायचो, काय मान आहे बुवा!

१९३४ च्या पौषात आम्ही पहिली मोठी शर्यत जाहीर केली, तेव्हा तो माझ्या शाळेत आला. वर्गाच्या दाराबाहेर उभा राहिला. शर्यतीत धावायचं आहे म्हणाला. बक्षीस पितळेचा लोटा होता, तो हवा असेल असं मला वाटलं, आणि तसं मी बोललोही. लोटा त्याला नको होता.

“थे समदे संगं धावतेत ना, गुरुजी?” त्याने विचारलं. “मले एकडाव संगं धावून पाहाचं हाये.”

मी हसलो. मग खिशातली पुस्तिका काढली आणि त्याला कलम वाचून दाखवलं. धावण्याचा मोबदला घेणारा इसम हौशी समजला जाणार नाही. हौशी म्हणजे काय, असं त्याने विचारलं. ज्याला पगार नसतो, नुसती हौस असते तो, असं मी सांगितलं.

“हौस मले बी हाये,” तो म्हणाला.

पगारही आहे, असं मी म्हणालो. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे उत्तर माझ्याकडेही नव्हतं, पण कलम होतं. तो गेला. त्या संध्याकाळी मंडळात मी हा प्रसंग रंगवून सांगितला आणि सगळे खो खो हसले. एक रनर रनर मंडळात बसत नाही, ही गंमत आम्हाला पुढे दोन-तीन रविवार पुरली.

चार वर्षांनी गोरेगावच्या रस्त्यावर मोटर सुरू झाली आणि डाक मोटरने जाऊ लागली. शालीकराम त्याआधीच वारला होता. इतवारीकडून पट्टा, बिल्ला आणि भाला परत घेतला. घुंगरू मात्र त्याचे स्वतःचे होते. सरकारी घुंगरू झिजले तेव्हा त्याने दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, आपल्या हौसेने विकत घेतले होते. ते तेवढे त्याच्याकडे राहिले. दुसऱ्याच आठवड्यात तो पुन्हा माझ्या वर्गाच्या दाराशी आला. हातात नोकरी संपल्याचा कागद होता. तो त्याने घडी उलगडून माझ्यासमोर धरला, वाचता येत नसल्यामुळे उलटा.

“आता पगार नाही,” तो म्हणाला. “आता मी हौशी झालो का, गुरुजी?”

मला त्या दिवशी लाज वाटायला हवी होती. तशी थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त समाधान वाटलं, की चला, नियमात बसलं. मी त्याचं नाव वहीत घातलं.

शर्यत १९३९ च्या जानेवारीत होती. गोंदियाच्या मैदानातून निघायचं, फुलचूरवरून जायचं आणि मोहाच्या झाडाशी संपवायचं. पुरे सहा मैल, म्हणजे नेमकी इतवारीचीच वाट. मार्ग ठरवताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सतरा जण धावणार होते. मी चिटणीस म्हणून सायकलवरून मागे-पुढे लक्ष ठेवणार होतो. इतवारी अनवाणी आला, धोतर गुडघ्यावर खोचून, आणि कमरेला ते घुंगरू बांधून. घुंगरांशिवाय पायाला ठेका सापडत नाही, चालतात का, असं त्याने विचारलं. मी पुस्तिका चाळली. घुंगरांबद्दल काही नव्हतं. चालतात, मी सांगितलं.

तो रांगेत उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. एकाचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता आणि तो मुद्दाम सरकत नव्हता, हे मला दिसलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण चेहरा जत्रेला निघाल्यासारखा.

शिट्टी झाली आणि तरणी पोरं सुसाट सुटली. इतवारी मागे पडला. त्याची चाल वेगळीच होती. पाय फार उचलायचा नाही, थांबायचं नाही, घाई करायची नाही. फुलचूर येईपर्यंत तो एकटाच शेवटी होता. पण दोन मैलांनंतर पुढच्यांचा दम निघायला लागला आणि घुंगरांचा आवाज त्यांच्या जवळ जाऊ लागला.

त्या पुढच्यांत सर्वांत मागे केवलराम होता. त्याच्या बरगडीत कळ आली होती. इतवारी त्याच्यामागे वीस हातांवर आला आणि केवलरामने काय करावं? मागे न बघता तो रस्ता सोडून खाली धानाच्या बांधीत उतरला. शर्यत आहे, आपणही धावतो आहोत, मागचा माणूस डाक नाही, यातलं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. घुंगरू वाजले आणि पाय उतरले. इतवारी त्याच्याशेजारी येणार होता, तो रिकाम्या रस्त्याने पुढे निघून गेला. पुढचे दोघे कारकून, पण खेड्यातच वाढलेले. तेही कडेला झाले, एकाने तर हात जोडले. चौथा होता त्याला समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने दटावलं, की डाक येऊन राहिली, दिसत नाही का.

मला हसू आलं. सायकलवर बसून मी खरोखर हसलो, कबूल करतो.

इतवारी मात्र थांबला. तीन मैलांचा दगड तिथे आहे, त्याच्याजवळ. सव्वीस वर्षांत त्या दगडाशी तो कधी थांबला नसेल. त्याने कमरेचे घुंगरू सोडायला घेतले. गाठ घामाने आवळली होती, सुटेना. तेवढ्यात जे मागे टाकले होते ते चौघेही एकेक करून पुढे गेले. शेवटी गाठ सुटली. त्याने घुंगरू माझ्या सायकलच्या पिशवीत टाकले आणि पुन्हा निघाला.

पण ठेका खरंच गेला होता. पाय कुठेही पडत होते, श्वास वर येत होता. तरी त्याने केवलरामला गाठलं. या वेळी केवलराम बाजूला झाला नाही. नुसती पावलं ऐकून कोण कशाला बाजूला होईल? दोघे खांद्याला खांदा लावून धावू लागले. केवलरामची चाल रखडत होती, इतवारीने आपली तितकीच कमी केली. मी मागून पाहत होतो. इतवारी पुढे रस्त्याकडे बघतच नव्हता, सारखा बाजूला बघत होता.

असा एक मैल झाला असेल. मग मागून एक रिकामी बैलगाडी आली. केवलरामने वळून पाहिलं, मागे कोणी उरलं नव्हतं. आपण शेवटचे आहोत, तेही एका म्हाताऱ्या डाकवाल्याबरोबर, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो गाडीत चढून बसला, आणि गाडीवाल्याने बैल हाकले.

शेवटचे दीड-दोन मैल इतवारी आणि मी. तो रस्त्याच्या मधोमध, मी सायकलवर हातभर अंतरावर. थोड्या वेळाने तो म्हणाला, “गुरुजी, उतरता का?”

मला वाटलं त्याला सायकलवर बसायचं आहे. मग कळलं. मी त्याला सांगितलं की धावणाऱ्याबरोबर देखरेखीच्या माणसाने धावू नये, असं पुस्तिकेत आहे. आणि तसं होतंच, मी खोटं बोललो नाही. तो बरं म्हणाला. मी सायकल हळू हळू चालवत राहिलो.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाखाली कोणी नव्हतं. लोटा देऊन झाला होता, सगळ्यांना घेऊन परतणाऱ्या गाड्या वाटेतच आमच्या बाजूने गोंदियाकडे गेल्या होत्या. इतवारी झाडाखाली बसला. त्या जागी तो जन्मात पहिल्यांदा बसत होता. शालीकराम कुठे उभा राहायचा ते त्याने मला बोटाने दाखवलं. मग म्हणाला, “उद्या येता का, गुरुजी? उद्या शर्यत नाही, त नेम बी नाही. फुलचूरच्या नाक्यावर, डाकेच्या टायमाले.”

“पाहू,” मी म्हणालो.

‘पाहू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो. आम्हा शिकलेल्यांत तो सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे कोणी कोणावर रागावत नाही. पण ज्या माणसाच्या आयुष्यात वेळ सांगितली की ती वेळ पाळलीच जायची, त्याला हा अर्थ कोणी शिकवला असेल? तो मान हलवून उठला आणि घराकडे चालू लागला. त्याचे घुंगरू माझ्याच पिशवीत राहिले.

दुसऱ्या दिवशी थंडी फार होती. तिसऱ्या दिवशी शाळेची तपासणी. पुढेही रोज काहीतरी निघालंच. घुंगरू परत द्यायला म्हणून मी पंधरा दिवसांनी फुलचूरला गेलो, तर त्याच्या झोपडीला बाहेरून कडी होती. शेजारची बायजाबाई धान पाखडत होती. तो सालेकसाकडे बहिणीच्या गावी गेला, जंगलात लाकडाच्या कामावर, असं तिने सांगितलं. मी घुंगरू पुढे केले. ते घ्यायला तिने हात काही पुढे केला नाही.

“रोज सकारी नाक्यावर उभा राहे थो,” ती म्हणाली. “आठ दिवस. मी म्हटलं, डाक त मोटरनं जाते, तू काऊन उभा राहून राहिला? त म्हने, गुरुजी येऊन राहिले.”

 पुढे तो परत आला नाही, आणि चार वर्षांनी तिकडेच वारल्याचं मोटरच्या ड्रायव्हरकडून कळलं.

बायजाबाईकडून निघालो त्या सकाळी मात्र मी नाक्यापर्यंत आलो, सायकल कडुलिंबाला टेकवली आणि गोरेगावच्या दिशेने धावायला लागलो. बूट, कोट, खिशात पुस्तिका आणि हातात ते घुंगरू. शंभर पावलं गेलो असेन. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने आवाज ऐकला, वर न बघता बैल खाली उतरवले आणि तो उभा राहिला. त्याच्यामागून येणाऱ्या दोन बायाही बांधावर चढल्या. पुढे नजर जाईल तिथपर्यंत रस्त्यावर कोणी नव्हतं. मी थोडा वेळ तिथेच थांबलो आणि मग चालत सायकलकडे परत आलो.