खळ्यावरचं इंग्रजी

आमच्या शेणव्यात इंग्रजी आलं ते गुरुजींच्या सायकलवरून. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. गुरुजी शहापूरचे, स्वतः थोडं इंग्रजी शिकलेले आणि शिकून पार हुरळलेले. शाळा सुटली की चौथीतल्या आम्हा पोरांना ते ओट्यावर बसवून घ्यायचे आणि इंग्रजीतलं काहीतरी शिकवायचे. तेही साधंसुधं नाही, सगळं यशाचं आणि मेहनतीचं. मांजराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला फार उशिरा कळलं, पण ‘सक्सेस’ आणि ‘हार्ड वर्क’ पहिल्याच दिवशी पाठ.

मला तर वेडच लागलं. म्हशीला पाणी दाखवताना सक्सेस, शेण थापताना हार्ड वर्क. एकदा गुरुजींनी ‘शोल्डर टू द व्हील’ शिकवलं, म्हणजे चाकाला खांदा लावून जोर करणं. घरी येऊन आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, “यात शिकायचा काय हाय गो? मुरबाडच्या वाटंला गाडी रुतली तवा आमी सगल्यांनी काय केला?” मला इतका आनंद झाला! म्हणजे आमच्या घरात इंग्रजी आधीपासून होतंच, फक्त कोणी बोलत नव्हतं.

‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ कळलं तेव्हा तर मी उड्याच मारल्या. एकही दगड उलटल्यावाचून सोडायचा नाही! ओढ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला आम्ही दुसरं काय करत होतो? इंग्रज लोकही चिंबोऱ्या खातात, अशी माझी खात्रीच पटली. मग हे लोक आपल्याला एवढे परके का वाटतात, तेच कळेना.

पण या सगळ्या उड्यांच्या खाली एक धास्ती होती. शहापूरच्या इंग्रजी शाळेत आमच्या गावातल्या एकाच मुलाला फी माफ होणार होती, आणि ते ठरवणार होते शाळा तपासणारे दिपोटी साहेब. आत्या शहापूरला राहायची, त्यामुळे राहण्याजेवणाची अडचण नव्हती. गुरुजींनी माझं नाव पुढे केलं. बाबाने ऐकून घेतलं आणि एकदाच काय ते सांगितलं, “सायेब हो बोलला तर जा. नाय बोलला तर पुढच्या आवणीला भात लावाया आईच्या जोडीला चिखलात. मंग इंग्रजीचा नाव काढायचा नाय.” बाबा एकदा बोलला की बोलला.

साहेब दिवाळीआधी यायचे होते, ते आलेच नाहीत. भातकापणीची सुट्टी लागली, शाळेला कुलूप लागलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी चिंबोरीचं कालवण होतं, म्हणून जेवले.

आणि एक दिवस आम्ही खळ्यावर असताना गुरुजी सायकल ढकलत धापा टाकत आले, मागून डोक्यावर टोपी घातलेले दिपोटी साहेब. डोळखांबहून परत शहापूरला निघाले होते, पुन्हा इकडे फिरकणार नव्हते. परीक्षा इथेच, आत्ताच. साहेब तरातरा आत शिरणार, तोच आई सुपासकट आडवी आली. “सायेब, बूट भायेर.”

भाताच्या राशीजवळ आमच्याकडे कुणी पायताण घालून जात नाही. साहेबांनी आईकडे पाहिलं, मग धोंड्यावर बसून मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आला होता. मला हसू आवरेना. गुरुजींचा चेहरा बघून तर अजूनच आवरेना.

बाबा तेव्हा रास मोजायला बसला होता. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ कधीच म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणायचं. एक म्हटलं तर रास एकावरच अडते, असं सगळे मानत. आणि पायली भरली की पुढची भरेपर्यंत तोच आकडा घोकत राहायचं, म्हणजे चुकायला होत नाही.

साहेब मला म्हणाले, “वडील मोजतायत ना? तू त्यांच्याबरोबर इंग्रजीतून मोज बघू.”

बाबाने पायली भरली. “लाभ.”

‘वन’ अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर आमच्या वर्षभराच्या पोटाची रास! तिच्यासमोर एक कुठल्याच भाषेत म्हणायचं नसतं. बाबाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जोरात ओरडले, “सक्सेस!” आणि मग पायल्या भरतील तशी, “टू! थ्री!”

“थांब,” साहेब म्हणाले. “वन कुठे गेला?” गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी बोट उगारलं. “का ते इंग्रजीतून सांग.”

आता गेलंच सगळं, असं वाटलं. मग म्हटलं, जातंय तर सगळंच सांगून टाकू. “नो वन, सर! वन बॅड! फादर हार्ड वर्क. मदर हार्ड वर्क. बैल शोल्डर टू द व्हील. फर्स्ट पायली, सक्सेस!” दम संपला, पण गुरुजींनी शिकवलेलं एक उरलंच होतं, झेंडे फडकवत जिंकून येण्याचं. शेतात बुजगावण्याच्या रंगीबेरंगी चिंध्या फडफडत होत्या. तिकडे हात करून म्हटलं, “फ्लाइंग कलर्स!”

साहेब हसायला लागले ते टोपी काढून पोट धरून. डोळे पुसत म्हणाले, “माझ्या आजोळीपण लाभच म्हणतात गं. मला आठवलंच नाही.” मग बाबाकडे वळले. “हिला पाठवा.”

एवढा वेळ बाबा हात राशीत घालून “तीन, तीन, तीन” घोकत बसला होता. मोजणी मोडायची नव्हती. त्याने नुसती मान हलवली आणि पुढची पायली ओतली. मी राशीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पेंढ्यात तोंड खुपसून किंचाळले.

जूनमध्ये शहापूरला निघायच्या सकाळी आत्याच्या घरी द्यायला बाबा तांदूळ मोजत होता. आई पोत्याचं तोंड धरून बसली होती. मी केसांना रिबीन बांधत होते, मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. बाबाने पायली भरली, पोत्यात ओतली आणि थांबला. एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“सक्सेस,” तो म्हणाला.

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. बाबाने आमच्याकडे लक्षच दिलं नाही. दुसरी पायली भरेपर्यंत तो खाली मान घालून तेच घोकत राहिला, “सक्सेस, सक्सेस, सक्सेस.”